छत्री फोटोवर, राजा उन्हात

नागपूरला जाऊन काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, एक न्हाणीघर पाहिलं. माणसं हसतात. किल्ला, तलाव, बाजार सोडून ही बाई न्हाणीघर बघून आली, म्हणजे हिचं डोकं फिरलेलं असणार. फिरलं तर फिरलं. बाकीचं नागपूर आता मला पुसट आठवतं. ते न्हाणीघर, तिथला लाल दिवा आणि माझ्या शेजारी पदर खोचून उभ्या असलेल्या अक्कासाहेब मात्र काल पाहिल्यासारख्या डोळ्यांपुढं आहेत. त्याला आता दहाएक वर्षं होऊन गेली.

आमचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायचं काम ह्यांचं आणि रिटचिंगचं माझं. रिटचिंग म्हणजे काय, तर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं मुरूम, सुरकुत्या, देवीचे व्रण भरून काढायचे. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागते तिथं कागदावर उजळ उमटतं, आणि माणूस आहे त्याहून देखणा होऊन बाहेर पडतो. लग्नाच्या मुलींचे फोटो मी इतके गोरे केलेत की मुलाकडच्यांचे तळतळाट मला नक्की लागले असतील.

माझी नणंद, इंदूवन्सं, नागपूरला दिलेली. लकडगंजात त्यांच्या सासरची लाकडाची वखार. त्यांनीच पत्र पाठवून बोलावलं. तिथं एका जुन्या छोट्या संस्थानच्या राजकन्या, अक्कासाहेब, राहतात, त्यांच्याकडं वडिलांच्या फोटोची काचेची निगेटिव्ह आहे, ती मोठी करून हवी, पण काच घराबाहेर द्यायची नाही म्हणतात. करणाऱ्यानंच घरी यावं.

"संस्थानं गेली, तनखे गेले, ऐट काही जाईना," हे म्हणाले. पण तिकीट काढायला स्वतःच गेले, आणि माझं सगळं सामान वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत नीट बसवून दिलं. प्रवासाचं काही सांगत नाही. पुण्याला गाडी बदलली, आणि पुढं डब्यातल्या धुळीत सांगण्यासारखं काय असतं?

लकडगंज

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. लकडगंजात पाऊल टाकलं की आधी वास येतो तो ताज्या चिरलेल्या सागवानाचा. आरागिरणीची घरघर दिवसभर चालू, आणि घरात कितीही झाडा, संध्याकाळी पायाखाली पुन्हा भुसा. वन्सं त्या आवाजावर आवाज चढवून बोलायला शिकल्या होत्या, तेच वळण घरातही. बोली तर पार पालटलेली. "वहिनी, तुम्ही काहून उभ्या हो? बसा नं," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी चमकून पाहिलं. ही आमच्या रंकाळ्यावर वाढलेली पोर.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली ती सांगायलाच हवी. जेवायला सावजी पद्धतीचं मटण होतं. वन्सं म्हणाल्या, "बेतानं घ्या. हे आपल्याकडच्यासारखं नाही." मी म्हटलं, तांबडा रस्सा पिऊन वाढलेली आम्ही माणसं, आम्हाला काय सांगता? आणि वाटी तोंडाला लावली. आमचा तिखटपणा तोंडात शिरतानाच वर्दी देतो. हा काळा रस्सा आधी गुमान आत जातो, लवंग-मिऱ्याचा वास देतो, आणि मग आतून कान पेटवतो. मला ठसका लागला, डोळ्यांतून धारा, आणि कोल्हापूरची अब्रू लकडगंजात गेली. वन्संच्या यजमानांनी हसू दाबत दोन संत्री सोलून पुढं केली. झाडावरून उतरवून फार वेळ न झालेलं संत्रं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. आमच्याकडं येतात ती त्यांची दूरची पाहुणी.

हात धुऊन झाल्यावर वन्संनी खरं काम सांगितलं.

"वहिनी, नुसता फोटो मोठा करायचा नाही. अक्कासाहेबांचे वडील गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. आईही मागोमाग गेली. वाढल्या चुलत्याकडं. आणि ती चुलती, काकीसाहेब म्हणत तिला, लहानपणापासून त्यांच्या तोंडावर बोलायची की असल्या भुवया आमच्या घराण्यात कुणाच्या नाहीत."

"कसल्या भुवया?"

"जुळलेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ. पोरगी राजाची नव्हेच, असं तिनं गावभर केलं. लग्नं ठरून मोडली त्यांची. आता पन्नाशी आली, तशाच राहिल्या. वडिलांचा चेहरा एकदा नीट मोठा करून पाहायचा, त्यात आपलं काही आहे का शोधायचं, एवढंच त्यांच्या मनात आहे."

ज्याचं जळतं त्याला कळतं, पण ऐकताना मलाही चटका बसला.

बंगला

दुसऱ्या दिवशी सायकल रिक्षानं सिव्हिल लाइन्सकडं गेले. लकडगंजातला गोंगाट मागं पडत गेला, रस्ते रुंद झाले, झाडं मोठी झाली. संस्थानचा बंगला बाहेरून अजून ऐटीत होता, पण कौलांवर गवत उगवलेलं. दार उघडलं ते दौलतनं. हा त्यांचा जुना चाकर. सत्तरीचा, वाकलेला, डोक्याला फेटा, आणि घरातल्या घरातही काखेत एक काळी छत्री. तिचं काय ते पुढं कळलं.

अक्कासाहेब आल्या. उंच, सावळ्या, आवाज भरदार. आणि कपाळावर, अगदी नाकाच्या मुळाशी, रुपयाएवढं कुंकू. इतकं खाली कुंकू लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ध्यानात आलं. भुवया जिथं जुळतात तिथंच ते बसवलेलं होतं.

"काकीसाहेबांनी सवय लावली," त्या माझी नजर ओळखून म्हणाल्या. "या, बाई. आधी आमची माणसं पाहा."

दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन पिढ्या टांगलेल्या. पणजोबा तैलचित्रात, आजोबा रंग भरलेल्या फोटोत, आणि वडील, म्हणजे बाबासाहेब महाराज, मोठ्या फोटोत. हा शेवटचा फोटो वाळवीनं कडेनं खाल्लेला. मी जवळ गेले, मागं आले, पुन्हा जवळ गेले. आमच्या धंद्याची नजर वाईट. तिघांचे फेटे वेगळे, दागिने वेगळे, चेहरा मात्र एकच. तेच रुंद स्वच्छ कपाळ, त्याच कमानदार सुट्या भुवया, तेच गुळगुळीत गाल. बापलेक सारखे दिसतात हे मला मान्य, पण सख्ख्या जुळ्यांतही एवढं साम्य नसतं.

"हे मुद्दाम केलंय," मी म्हटलं.

"केलंयच," अक्कासाहेब म्हणाल्या. "आमच्या दिवाणांचा हुकूम असे की प्रत्येक राजा थोरल्या महाराजांसारखाच, म्हणजे या पणजोबांसारखाच दिसला पाहिजे. राजा बदलला तरी रयतेला कळता कामा नये. कोर्टाच्या स्टँपावर तोच चेहरा, शाळेतल्या बक्षिसाच्या बिल्ल्यावर तोच, गावोगावच्या चावडीत तोच. बाबासाहेबांना लहानपणी देवी आल्या होत्या असं ऐकलंय. या फोटोत एक तरी व्रण दिसतो का पाहा."

नव्हता. मला मनातून त्या अनोळखी रिटचरचं कौतुकही वाटलं, आणि कोल्हापूर आठवलं. आमच्याकडंही दुकानादुकानात महाराजांचा फोटो असायचा, पण आमची माणसं महाराजांना कुस्तीच्या मैदानात डोळ्यांनी बघायची. फोटो थोडा चुकला तर लोकच सांगायचे, नाक असं नाही हो. इथं रयतेनं राजा पाहिला तो काचेमागचाच.

"पण त्यांना पाहिलेलं कुणीतरी असेल ना?" मी विचारलं. "हा दौलतच बघा. त्याला विचारलंत?"

अक्कासाहेब हसल्या. "विचारा तुम्हीच."

दौलत चहा घेऊन आला होता. बरोबर कोथिंबिरीची वडी, तिला तिथं सांबारवडी म्हणतात, जाडजूड, आत खोबरं-खसखस भरलेली. मी त्याला खाली बसवलं आणि विचारलं, महाराज दिसायला कसे होते?

"कसे म्हंजे?" तो म्हणाला. "हे काय, भिंतीवर हायेत नं."

"तसं नव्हे. प्रत्यक्षात."

त्यानं सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. दसऱ्याला महाराजांची स्वारी गावोगाव निघायची. पालखीत महाराजांचा फोटो ठेवत, कारण रयतेला तो चेहरा ओळखीचा. दौलतचं काम फोटोवर छत्री धरायचं. महाराज स्वतः मागून चालत.

"मी फोटूवर छत्री धरून राहिलो, अन् राजे मागं उन्हात. मले वाईट वाटे जी. पण हुकूम फोटूचा होता. रंग उडाला तं कोण जबाबदार?"

"आणि महाराजांकडं कुणी बघायचं नाही?"

"चाकरानं राजाच्या तोंडाकडं पाहू नये, असं होतं. मी पाय पाहिले त्यायचे. जोडे वळखतो मी." मग तो स्वतःशीच हसला. "एका गावी तं गंमतच झाली. पालखी पुढं गेली, राजे मागं राह्यले, तहान लागली म्हून पाटलाच्या दारी गेले. पाटलानं इचारलं, तू कोण गा? राजे म्हणाले, मी राजा. पाटील म्हणाला, राजे आत्ताच पालखीतून गेले, मी सोता नारळ फोडला."

आम्ही तिघंही हसलो. हसताना अक्कासाहेबांचे डोळे मात्र भिंतीवर होते. "राजांनी पाणी मागितलं आणि तसेच परत आले," त्या हळूच म्हणाल्या. "पाटलाला शिक्षा केली नाही. एवढी एकच गोष्ट मला बाबासाहेबांची वाटते. बाकी सगळं दिवाणांचं."

काच

निगेटिव्ह मखमलीत गुंडाळलेली होती. फूटभर लांबीची जाड काच, एका कोपऱ्याला टवका. मी ती खिडकीशी नेली, उजेड तिरका पडेल अशी धरली आणि भिंग लावलं.

पेन्सिल दिसली. गालांवर बारीक ठिपके, व्रण भरल्याचे. डोळ्यांखाली थोडी. आणि दोन्ही भुवयांच्या मधे इतकी दाट की काच तिथं काळपट चकाकत होती. एवढी पेन्सिल कुणी उगाच चढवत नाही. तिथं काहीतरी झाकलेलं होतं. पण काय? व्रण असू शकतो. आठी असू शकते. लहानपणी पडल्याची खोकही असू शकते. आणि मी जर आता बोलले, आणि खाली तसलंच काही निघालं, तर या बाईनं पन्नास वर्षं धरून ठेवलेली आशा माझ्या हातानं जाणार.

गप्प राहून फोटो मोठा करून देता आला असता. मला ते जमलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमचे हे रोज सांगतात.

"अक्कासाहेब, हा चेहरा वरवरचा आहे," मी म्हटलं. "खाली दुसरा आहे. टर्पेंटाइननं पेन्सिल पुसून काढता येईल. आधी हा राजा मी कागदावर छापून घेते, म्हणजे तो कुठं जात नाही. पण काचेवरची पेन्सिल गेली की गेली. आणि खाली काय निघेल ते मला सांगता येणार नाही."

त्या काचेवर वाकल्या. बाहेर अंगणात दौलत पानं झाडत होता, त्याचा खराटा ऐकू येत होता.

"भुवयांमधे आहे का पेन्सिल?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मी आरशात पाहते, मग भिंतीवर पाहते. एवढ्या वर्षांत काही जुळलेलं नाही." त्यांनी काच माझ्यापुढं सरकवली. "पुसा, बाई."

न्हाणीघर

अंधारखोली म्हणून न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली, दिव्याला लाल बल्ब लावला, दोन तसराळ्यांत फोटो धुवायची औषधं कालवली. आधी राजा छापून घेतला आणि वाळत टाकला. मग ओसरीवर उजेडात बसून कापसाचा बोळा टर्पेंटाइनमधे भिजवला.

आयुष्यभर मी लोकांच्या चेहऱ्यांवर पेन्सिल चढवली. उतरवायला पहिल्यांदाच बसले होते. गालांवरून बोळा फिरवला, काळा झाला. दुसरा घेतला. कपाळाच्या मध्यावर आले तेव्हा अक्कासाहेबांनी तोंड फिरवलं. तिसरा बोळा काळाकुट्ट निघाला. निगेटिव्हमधे सगळं उलटं दिसतं, त्यात माझ्या डोळ्यांत पाणी, त्यामुळं खाली काय आहे ते मी नीट पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायचं धाडस झालं नाही.

"तुम्ही आत या," मी म्हटलं. "दोघी मिळून बघू."

लाल उजेडात त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, पदर खोचून, मोलकरणीसारख्या. मी काच कागदावर ठेवली, पांढरा दिवा क्षणभर लावला, विझवला, आणि कागद औषधात सोडला. तसराळं हळूहळू हलवत राहिले. कागद पांढरा, पांढरा, मग फेटा उमटला. मिशी उमटली. डोळे आले. गालांवर देवीचे व्रण आले, दाट, खोल. मग भुवया येऊ लागल्या. दोन्ही बाजूंनी सुरू झाल्या आणि मधे थांबल्याच नाहीत. नाकाच्या मुळावरून सरळ एकमेकींत गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच काळी रेघ.

मला रडू आलं. अक्कासाहेब रडल्या नाहीत. त्यांनी तसराळ्याची कड धरली होती.

"काकीसाहेबांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दिरासमोर वाढायला बसायच्या त्या. हा चेहरा रोज पाहिला असेल. माहीत असून मला तसं बोलल्या."

त्या काकीसाहेब समोर असत्या तर मी तसराळ्यातलं औषध त्यांच्या अंगावर ओतलं असतं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलते. राजाचा चेहरा झाकला तो दिवाणांनी, राज्यासाठी. एका पोरीचा बाप झाकला तो घरातल्या बाईनं, कुठल्या राज्यासाठी कोण जाणे.

ओला फोटो आम्ही ओसरीवर दोरीला लावला. दौलत खराटा टेकवून जवळ आला. बराच वेळ बघत राहिला.

"हे कोण व्हय जी?" त्यानं विचारलं.

"ओळख पाहू," अक्कासाहेब म्हणाल्या.

"फेटा तं राजाचा हाय. पण राजे नाईत हे." त्यानं मान तिरकी केली, फोटोकडं पाहिलं, मग चाकराची रीत विसरून अक्कासाहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. "पण तुमच्यातलेच कोणी दिसून राहिले, अक्कासाहेब. भुवया पाहा नं. तुमच्याच."

अक्कासाहेब ओसरीच्या पायरीवर बसल्या, आणि तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला. रडता रडताच हसत म्हणाल्या, "दौलत, यांच्यावर छत्री धरत होतास तू."

"नाई जी," दौलत म्हणाला. "मी फोटूवर धरत होतो."

परतीचा फलाट

पुढं वन्संनी मला चार दिवस ठेवून घेतलं. तर्री-पोहे खाल्ले, संत्रा बर्फी खाल्ली, सावजी रश्शाला दुरून नमस्कार केला. मोठ्या प्रती करायचं काम कोल्हापूरला येऊन करायचं ठरलं. काच घराबाहेर न देणाऱ्या अक्कासाहेबांनी ती मखमलीसकट माझ्या ट्रंकेत ठेवली.

निघायच्या दिवशी वन्सं आणि मी स्टेशनवर आलो तर अक्कासाहेब आधीच हजर. दौलतच्या डोक्यावर संत्र्यांची करंडी. दुपारची वेळ, नोव्हेंबरातलंही नागपूरचं ऊन चांगलं चटके देत होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिले. रुपयाएवढं कुंकू गेलं होतं. त्या जागी, कपाळावर वर, डाळीएवढी टिकली. आणि तिच्याखाली त्या भुवया, काळ्याभोर, जुळलेल्या, सगळ्यांना दिसतील अशा.

"भिंतीवर कुठला लावणार?" मी विचारलं.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "राजा दिवाणखान्यात. बाबासाहेब माझ्या खोलीत, आरशाशेजारी."

गाडीनं शिटी दिली. करंडी आत घेऊन मी खिडकीत बसले, वन्सं रडायला लागल्या, मीही लागले. अक्कासाहेबांनी दोन्ही हात जोडले आणि वळल्या. फलाटाचं छप्पर संपून ऊन सुरू होत होतं तिथं दौलतनं सवयीनं काखेतली छत्री काढली आणि त्यांच्या डोक्यावर उघडली.

त्या थांबल्या. गाडी हलली होती, तरी त्यांचा तो भरदार आवाज मला ऐकू आला.

"मिट ती, दौलत. बघू दे लोकांना."

त्यानं छत्री मिटली, पुन्हा काखेत मारली आणि त्यांच्या मागून उन्हात चालू लागला.